मुडदुशीचं मणकेपुराण

आमच्या कोकणातल्या आचऱ्याकडे कंबर धरली की पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी श्रद्धा. फी नाही, फक्त चहा पाजायचा. त्यामुळे पुण्याच्या पुतण्याने फोनवरून मांजरीसाठी कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके दाबून दुखणं उतरवणारा, सुचवला तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. आई एवढंच म्हणाली, "मांजराक दाक्तर, आणि माझी ढोपरां बघतलो कोण?"

मांजरीचं नाव मुडदुशी. नाव त्या सडपातळ मासळीचं, अंगाने मात्र सुरमई. वय बारा. पावसाळा संपला तसं तिने ओट्यावर उडी मारणं सोडलं. वर बांगडे साफ होत असायचे आणि ही खाली बसून नुसती मान वर करायची. घरात सगळ्यांना वाटलं, सुधारली. मला ते पटेना. शिवाय कमरेजवळच्या केसांचे गठ्ठे होऊ लागले होते. तिथवर तिची जीभ पोचत नव्हती.

पुतण्याने व्हिडिओही पाठवले. एक गृहस्थ मांजराची मान वळवतो, 'कट्' असा आवाज येतो, मांजर डोळे मिटतं. मी खोलात शिरलो. हे शास्त्र (शास्त्र म्हणावं का, यावर डॉक्टरांत अजून भांडण आहे) डॅनियल पामर नावाच्या माणसाने 1895 साली अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावात काढलं. इमारतीतल्या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्याचा दावा. कानाची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, तरी गिऱ्हाईक वाढत गेलं. जनावरांसाठी हे करणाऱ्यांची तिकडे 1989 पासून संघटनासुद्धा आहे. गंमत अशी, की पामरच्या आदल्याच वर्षी, 1894 साली, पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने मांजर उलटं धरून सोडलं आणि ते हवेतल्या हवेत वळून चार पायांवर कसं उतरतं याचे फोटो काढले होते. मांजराच्या मानेत मणके सातच, माझ्याइतके. पण छातीला तेरा, कमरेला सात, आणि गळपट्टीचं हाड नावापुरतं, मांसात तरंगणारं. असल्या प्राण्याचा कणा सरळ करणार म्हणजे नेमकं काय करणार?

तर काय होतं म्हणे, आधी जनावराची हकिगत विचारतात. मग त्याला चालायला लावतात. (मुडदुशी कुणाच्या सांगण्यावरून चालत नाही, पण असो.) मग बोटांच्या टोकांनी एकेक मणका चाचपतात आणि जिथे अडलंय तिथे छोटासा, झटकन दाब देतात. मांजराला जोर लागत नाही, आवाजही बहुधा येत नाही. दिवसभर ते सुस्त राहतं, आणि मग पुन्हा या, पुन्हा या. गुण येतो याचे पुरावे तुटपुंजे. हाड मोडलंय का, मणक्यांमधली गादी सरकलीय का हे आधी एक्स-रे फोटो काढून बघायलाच हवं, नाहीतर तोच दाब महागात पडायचा. मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडले तर कणा नव्हे, रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा कुणाच्याही नादी न लागता डॉक्टरांकडे पळायचं.

एवढं वाचून होईपर्यंत आई गंधपुऱ्याचं तेल घेऊन आली होती. मांजर अंग चाटतं आणि ते तेल पोटात गेलं की विष होतं, हे समजावून बाटली काढून घेतली, तर ती तापाची गोळी घेऊन आली. ती तर त्याहून वाईट. पॅरासिटामॉल पचवण्याची सोय मांजराच्या यकृतात नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते.

शेवटी जुनी लाकडी आंब्याची पेटी काढली. फटी असतात, हवा खेळते. मुडदुशीला आत घालताना माझ्या दोन्ही मनगटांवर तिने सही केली. सुतळीने पेटी बांधून एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "पौषात हापूस?" पेटीनेच उत्तर दिलं. पुढच्या बाकावरच्या मासेवाल्या बाईने मुकाट्याने आपली पाटी उचलून ड्रायव्हरच्या मागे नेऊन ठेवली.

गुरांचे डॉक्टर नुकतेच एका म्हशीचं बाळंतपण उरकून आले होते, गुडघ्यापर्यंत शेण. कायरोप्रॅक्टर हा शब्द ऐकून त्यांनी शांतपणे हात धुतले. "असो शिकललो माणूस ह्या तालुक्यात माका तरी गावाक नाय. आधी दुखता खय ता बघूया." मग त्यांनीही दोन बोटं मानेपासून शेपटीपर्यंत हळूहळू चालवली. मुडदुशी दगडासारखी बसली होती. कमरेखाली बोटं आली तशी पाठीची कातडी थरथरली, कान आडवे झाले, आणि डॉक्टरांनी हात नेमक्या वेळी मागे घेतला. तीस वर्षांची नोकरी अशीच होत नाही.

फोटोत निघालं ते साधंच. खुब्याचे सांधे झिजलेत. म्हातारपण. वजन उतरवा, दुखणं कमी व्हायला त्यांनी दिलेलं औषध मापाने द्या, आणि "तिका जंय चढूचा आसता थंय पायरे करून द्या."

तिला चढायचं असतं ओट्यावर, बांगड्यांकडे. घरी येऊन हे सांगितल्यावर बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चोराक जिनो बांधूचो?" वाद दोन दिवस चालला. तोवर मुडदुशी ओट्याखाली बसून वर बघत होती, आणि अखेर बायकोच सुताराला बोलवून आली.

सुताराने टेप काढला, ओट्याची उंची घेतली, मग मुडदुशीच्या पायांची घेतली. पायऱ्या किती, रुंदी किती, घसरू नये म्हणून काथ्या लावायचा का, सगळं गंभीरपणे विचारलं. निघताना दारात थांबला. "कठडो व्हयो काय?"

आतून आईचा आवाज आला, "घाल रे, पण पयलो माझ्या न्हाणयेत!"