मला खुर्ची नको होती

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. माझे सासरे चौऱ्याहत्तर. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो, उजेड व्यवस्थित होता, आणि तरी त्या सिक्युरिटीवाल्या पोराने वाकून, आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात विचारलं, "सर, खुर्ची आणू का?" मला! अप्पांना नाही, मला.

चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये.

तर लंडनमध्ये नायजेरियाचा गायक शेऊन कुटी आणि त्याचा बँड इजिप्त ८० यांचा कार्यक्रम होता. तिकिटं बायकोने काढलेली, ऐनवेळी तिला ऑफिसने अडकवलं, आणि डोंबिवलीहून आमच्याकडे आलेले अप्पा म्हणाले मी येतो की. म्हटलं अप्पा, सगळं उभ्याने आहे. तर म्हणे, "अहो जावईबापू, बत्तीस वर्षं फास्ट लोकलने उभ्याने गेलोय." विषय संपला.

तिकिटावर लिहिलेलं, दारं सात वाजता. आपण सातला हजर, संस्कार ना. बँड आला सव्वानऊला. म्हणजे सात वाजता खरंच फक्त दारं उघडतात! आत बाटलीचं बूच काढून घेतात (का? फेकून मारू म्हणून? आमच्याकडे लग्नात अख्खे नारळ हातात देतात), कोट ठेवायचे वेगळे पैसे, तिकिटाच्या वर बुकिंगचे वेगळे पैसे, आणि एवढं देऊन दोन तास एका डीजेसमोर ताटकळत उभं राहायचं. याला इकडे संध्याकाळ एंजॉय करणं म्हणतात.

वेळ घालवायला अप्पांना फेलाची गोष्ट सांगितली. शेऊनचे वडील, अफ्रोबीटचे मूळपुरुष, घाना-नायजेरियाचं हायलाइफ, जॅझ, अमेरिकन फंक आणि योरुबा ताल असं सगळं एका कढईत परतून स्वतःची चव काढलेला माणूस. १९५८ मध्ये घरच्यांनी त्याला लंडनला डॉक्टर व्हायला पाठवलं आणि हा इथे येऊन संगीताच्या कॉलेजात गेला. अप्पा एकदम गंभीर. "आईवडिलांना कधी सांगितलं?" म्हटलं माहीत नाही. पुढे लष्करी राजवटीशी भांडला, १९७७ साली सैनिकांनी त्याचं घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं, त्या जखमांतून ती उठलीच नाही, हे मी तिथेच बिअरच्या रांगेत सांगून मोकळा झालो आणि मग दोघंही जरा वेळ गप्प. नंतर अप्पा म्हणाले, "आणि हा मुलगा?" शेऊन सगळ्यात धाकटा. १९९७ मध्ये वडील गेले तेव्हा चौदा वर्षांचा, आणि बँड याने पुढे चालवला. "म्हणजे गादी चालवतोय," अप्पांनी शिक्कामोर्तब केलं.

आता अप्पांचं एक सांगायला हवं. अप्पा तबल्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिलेले आहेत, आणि ज्यांनी पुढची दिली नाही अशी माणसं सगळ्यात धोकादायक. बँड सुरू झाला. सॅक्सोफोन, ट्रंपेट, काँगा, मण्यांची जाळी घातलेला तो भोपळा, नाचणाऱ्या बायका, छातीत धडधड होईल असा आवाज, सगळा हॉल उसळतोय आणि अप्पा डोळे मिटून मांडीवर बोटं मोजतायत. गाणं संपेचना. अप्पांचं माझ्या कानात चालू: "सोळा मात्रा धरा. तो मागचा गिटारवाला बघा, मघापासून एकच तुकडा वाजवतोय. लेहरा आहे तो! खरा कलाकार तोच. पण ढोलवाला समेवर येत नाहीये हो. आत्ता येईल. हा... नाही आला."

मग त्यांना सम सापडली. कशी ते विचारू नका, पण सापडली, आणि भर लंडनमध्ये अप्पांनी हातावर त्रिताल सुरू केला. टाळी, टाळी, खाली (म्हणजे टाळी न देता हात बाजूला), टाळी. नवव्या मात्रेला खाली आली की उजवा हात ऐटीत बाजूला फेकायचा, तो नेमका शेजारच्या पिवळ्या झग्यातल्या नायजेरियन बाईंच्या नाकासमोरून. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर बाई खूश! त्यांना वाटलं ही स्टेप आहे. "येस डॅडी!" म्हणून त्यांनीही हात फेकला. मग त्यांच्या बहिणीने. मग मागच्या दाढीवाल्या गोऱ्या पोरांनी. तीन-चार आवर्तनांत आमची अख्खी रांग नवव्या मात्रेला खाली दाखवत होती आणि अप्पा वळून वळून चुकणाऱ्यांकडे क्लासमध्ये बघावं तसं बघत होते. एका पोराला तर हात धरून शिकवलं, "नो नो, आफ्टर एट."

या गडबडीत मीपण उडी मारली. एकच. कंबरेत उसण भरली. मी खांबाला टेकलो, चेहरा जरा वाकडा झाला असेल, तेवढ्यात तो पोरगा खुर्चीचं विचारायला आला. मी नको म्हटलं. तर पिवळ्या झग्यातल्या बाई, ज्या माझ्याहून दोन वर्षांनी तरी मोठ्या असणारच, म्हणाल्या, "सिट डाउन, अंकल." अप्पा डॅडी आणि मी अंकल! आणि अप्पांनी काय करावं? सासऱ्याने जावयाची बाजू घ्यावी की नाही? ते आवर्तन न सोडता म्हणाले, "बसा हो, इथे कोण बघतंय."

बसलो.

खुर्चीतून काय दिसतं सांगू? पँटी. चाळीस पौंडात दीड तास फक्त लोकांच्या पँटी, आणि दर नवव्या मात्रेला वरून येणारे हात. शेऊनने शर्ट काढला म्हणे, पाठीवर 'फेला लिव्ह्ज' गोंदलेलं आहे म्हणे, हे सगळं मला अप्पांकडून कळलं. उसणीचं काही नाही हो, दोन दिवसांत जाते. पण बसायची सोय आहे हे त्या लोकांना ठाऊक असताना सातपासून सव्वानऊपर्यंत सगळ्या हॉलला तिष्ठत का ठेवलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

घरी पोचेपर्यंत फॅमिली ग्रुपवर अप्पांचा मेसेज पडलेला: "कार्यक्रम उत्तम. ताल त्रिताल. जावईबापूंची खुर्चीची सोय झाली." खाली सासूबाईंचा, दोन मामेसासऱ्यांचा आणि डोंबिवलीच्या शेजाऱ्यांचा अंगठा, आणि एका मावशींनी कुठल्याशा तेलाचं नाव पाठवलंय.