कळण्याची भाकरी आणि ‘दुप्पट चरबी’चा मेसेज

“सकाळी कळण्याची भाकरी खा, पोह्यांपेक्षा दुप्पट चरबी जळेल” असा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, चूक झाली.

अन्न पचवायलाही ऊर्जा लागते, पण मिश्र आहारात ती साधारण 10 टक्केच. म्हणजे 300 कॅलरीच्या न्याहारीत 30. कर्बोदकांसाठी 5 ते 10 टक्के, प्रथिनांसाठी 20 ते 30. कळण्यात ज्वारीसोबत प्रथिनं असलेला उडीद दळलेला असतो, त्यामुळे थोडा फरक पडेल, दुप्पट नाही. खरा फायदा निराळा: तंतूंमुळे रक्तातली साखर सावकाश वाढते, भूक उशिरा लागते. (ठेच्यावर तेल किती ओतता, तेही बघा!)

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझा मी डिलीट केलाय.