"फौज गेली की परत पेटतं" म्हणे. लायबेरियाचं काय मग?

एक मेसेज जोरात फिरतोय. युद्धातून निघालेल्या देशात शांतता फक्त बंदूकवालेच आणतात, युनोची फौज निघाली की परत मारामारी सुरू, गावातल्या समित्या आणि बायकांच्या बैठका म्हणजे नुसते एनजीओवाल्यांचे चोचले. वर उदाहरण कुणाचं, तर पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं! राव, दुसरा कुठला तरी देश घ्यायचा.

फौज गेली की पेटतं? युनोचं मिशन 2003 ला आलं, 15,000 सैनिकांची मंजुरी होती, मार्च 2018 ला बंद झालं. 2023 च्या निवडणुकीत तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ (हो, तोच फुटबॉलवाला) थोडक्यात हरला आणि अधिकृत निकालाची वाट न बघता त्याने जिंकणाऱ्या बोआकाईला फोन करून अभिनंदन केलं. युद्ध काही परत सुरू झालं नाही.

बायकांच्या बैठकांनी काय होतं म्हणता, तर 2003 ला राजधानी मोनरोव्हियाच्या मासळीबाजारापाशी ख्रिश्चन-मुस्लिम बायका पांढरे टीशर्ट घालून रोज ऊन-पावसात बसायच्या, मग त्यातल्या काही घानात अक्राला गेल्या, तिथे चाललेल्या शांततेच्या वाटाघाटी लांबवणाऱ्या पुढाऱ्यांना हॉलच्या बाहेर पडू देईनात, गार्ड अटक करायला आले तर या बायकांची पुढारी लेमा ग्बोवी म्हणाली मी इथेच कपडे उतरवते, आणि तिकडे बाईने असं करणं म्हणजे पुरुषांना शापच, सगळे गार! 18 ऑगस्टला करार झाला. आता एकट्या बायकांनी युद्ध थांबवलं असं मी म्हणत नाही. बंडखोर राजधानीवर तोफा डागत होते, अमेरिकेचा दबाव होता, म्हणून तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर 11 ऑगस्टला पायउतार झाला. पण बैठका फुकट गेल्या हेही साफ खोटं.

आता बंदूक. डिसेंबर 2003 ला हत्यारं जमा करायला सुरुवात झाली तर पैशावरून लढवय्यांनीच मोनरोव्हियात दंगल केली, माणसं मेली, काम थांबवावं लागलं. शेवटी लाखावर लोकांनी नावं नोंदवली आणि हत्यारं जमा झाली साधारण 28,000, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. बरं, बंदूक दिल्यावर तो पोरगा जाणार कुठे, तर त्याच गावात जिथे त्याने काय काय केलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. निंबा भागात तर पळून गेलेले मांडिंगो जमातीचे लोक परत आले तेव्हा त्यांच्या घर-जमिनीवर ग्यो आणि मानो या दुसऱ्या जमातींचे लोक बसलेले. ही सातबाऱ्याची भांडणं सैनिक सोडवणार का? गावातल्या म्हाताऱ्यांनी आणि पीस हटमध्ये (भांडणं मिटवायला बायका जमतात ती गावातली झोपडी) बसणाऱ्या बायकांनी अशी भांडणं ऐकून घेतली, घरातल्या मारहाणीचीसुद्धा.

आणि गंमत म्हणजे तिथे 2007 ते 2016 आपल्या सीआरपीएफच्या बायकांचं पोलीस पथक होतं. बंदुका घेऊनच होत्या, पण गस्त घालता घालता तिथल्या मुलींना स्वसंरक्षण पण शिकवत होत्या.

मेसेजवाल्याला टीका करायचीच होती तर न्यायावर करायची. टेलरला 2012 ला 50 वर्षांची शिक्षा झाली ती शेजारच्या सिएरा लिओन देशातल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी कोर्ट उभारायचं ऑफिस काढायचा आदेश निघाला 2024 ला.