‘ताकद लावा, निघेल’: ब्रेक-सस्पेन्शनच्या घरगुती दुरुस्तीवरील संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातील मोटारमालकांच्या गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. गॅरेजवाला ज्या ब्रेकच्या आणि सस्पेन्शनच्या (चाकांना गाडीशी जोडणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या भागांच्या) कामाचे हजारो रुपये घेतो, ते काम अंगणात जॅक, पाने आणि अंगातली ताकद एवढ्यावर उरकते, असा त्याचा दावा आहे. त्यातील सूचना थोडक्यात अशा: सोलापूरची हवा कोरडी असल्याने गंज ही निव्वळ सबब आहे, बोल्ट निघत नसेल तर पान्याला पाइप लावा, ब्रेक ऑइल कमी दिसले की वरून भरा, कोणतेही तेल चालते, पेडल मऊ लागले तर आत हवा आहे, पंप मारत राहा, चाक जाम झाले तर ब्रेकचा पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या) आत दाबा आणि ग्रीस लावा, खडखड वाजले तर शॉकअप (चाकाचे धक्के शोषणारा दांडा) बदला, त्यावरची स्प्रिंग दोरीने बांधली की पुरे.

घरी काम करण्याला माझा आक्षेप नाही. पुढचे ब्रेक पॅड बदलणे हे नीट वाचून, योग्य पाने हाताशी ठेवून कोणीही करू शकेल असे काम आहे, आणि त्यासाठी काही ठिकाणी अवाच्या सवा मजुरी घेतली जाते ही तक्रारही खोटी नाही. परंतु या संदेशातील जवळजवळ प्रत्येक सूचना, अडलेली वस्तू कशामुळे अडली आहे हे न पाहता तिच्यावर जोर लावायला सांगते, आणि नेमके तेच या दोन यंत्रणांत महागात पडते.

गंजाचेच पाहू. सोलापूरची हवा कोरडी आहे हे खरे. पण इथे चालणाऱ्या कितीतरी गाड्या मुंबईकडून किंवा कोकणातून जुन्या म्हणून विकत घेतलेल्या असतात आणि खाऱ्या हवेतला गंज सोबत घेऊनच येतात. त्यामुळे गाडी आज सोलापुरात असली तरी बोल्टचा पूर्वेतिहास वेगळा असू शकतो. शिवाय सगळे हट्टी बोल्ट एकाच कारणाने अडत नाहीत. लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या हाताचा) बोल्ट पान्याने थोडा फिरतो आणि पाना सोडताच मागे येतो, तेव्हा आटे अडलेले नसतात. बोल्ट बुशच्या (सांध्यातील रबरी वेष्टणाच्या) आतील लोखंडी नळीला गंजाने चिकटलेला असतो आणि आपण फिरवतो तो बुशच्या रबराचा पीळ असतो. इथे पाइप लावल्याने रबर फाटते, बोल्ट तसाच राहतो. तो दोन्ही बाजूंनी कापून बुश किंवा अख्खा आर्म नवा घालणे एवढाच मार्ग उरतो. शॉकअप ज्या दोन बोल्टांनी खाली जोडलेला असतो, त्यांच्या डोक्याखाली अनेक गाड्यांत दाते असतात, म्हणून बोल्टचे डोके धरून ठेवून नट फिरवायचा असतो. उलटे केले तर दाते घासून भोक मोठे होते. ब्रेकचा हवा काढण्याचा निपल तर आतून पोकळ असतो आणि जोर लावताच तुटतो. उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, सहा कोनांचा बॉक्स पाना वापरावा, आणि आधी किंचित आवळून मग सोडवावे. गॅसची ज्योत लावण्याचा सल्लाही काही जण जोडतात. ब्रेकची रबरी नळी म्हणजे होज, बॉल जॉइंटचे (चाकाजवळच्या गोळ्याच्या सांध्याचे) रबर आणि पेट घेऊ शकणारे ब्रेक ऑइल शेजारीच असताना घरी ती लावू नये.

मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमबाबतही तसेच. ड्रम निघत नाही म्हणून हातोडा घेण्याआधी हँडब्रेक सोडला आहे का ते पाहावे. जुन्या ड्रमच्या कडेला झिजेमुळे उंचवटा तयार होतो आणि शू (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) त्यात अडकतात. अशा वेळी शू आत घेणारा अॅडजस्टर सैल करावा लागतो. अनेक ड्रमना आटे असलेली दोन भोके मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट घालून आलटूनपालटून सारखे आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो.

संदेशातील सर्वांत घातक वाक्य ब्रेक ऑइलविषयीचे आहे. इंजिन ऑइल किंवा तत्सम खनिज तेल थोडे जरी ब्रेकच्या टाकीत गेले तरी त्या यंत्रणेतील रबरी सील फुगतात, आणि मग पेडलने दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत सगळी सील बदलण्याची वेळ येते. जुन्या अर्धवट बाटलीतले ऑइलही चालत नाही, कारण डॉट ३ आणि डॉट ४ (बाटलीवर लिहिलेले ब्रेक ऑइलचे दर्जे) ही दोन्ही ऑइले हवेतील ओलावा शोषून घेतात. मानकानुसार ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तुळजापूरहून घाट उतरताना ब्रेक सतत दाबले जातात, मे महिन्यात हवाच चाळीस अंशांपुढे असते, आणि ओलावा धरलेले ऑइल कॅलिपरमध्ये उकळू लागले की त्याची वाफ दाबली जाते व पेडल खाली जाते. थंड झाल्यावर पेडल पूर्ववत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. राहिला वरून भरण्याचा प्रश्न. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. अशी उतरलेली पातळी ही पॅड पाहण्याची सूचना असते. ती भरून टाकली तर सूचनाही गेली, आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे सारले की ऑइल टाकीतून उसळून रंगावर सांडते, तो रंगही उठतो.

पेडल मऊ लागणे म्हणजे हवा, असे संदेश सरसकट सांगतो. दुसऱ्यांदा दाबताच पेडल वर येत असेल तर हवा असू शकते, पण मागच्या शूंमध्ये जास्त फट राहिली असतानाही तसेच होते. पाय स्थिर ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे आतील सील गेले आहे, आणि त्यात कितीही पंप मारले तरी फरक पडणार नाही. उलट जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत दाबत राहिल्याने सील न झिजलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटू शकते. दोन्ही कॅलिपर काढून बसवल्यानंतर पेडल काही केल्या कडक होत नसेल, तर हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूला आहे ना ते आधी पाहावे. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की निपल खाली येतो आणि हवेचा बुडबुडा वरच्या कोपऱ्यात अडकून राहतो. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत स्कॅनर जोडून त्याने युनिटचा पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही.

जाम झालेल्या चाकाची चाचणी सोपी आहे आणि संदेशात ती नाही याचे आश्चर्य वाटते. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन (विटांवर किंवा नुसत्या जॅकवर नव्हे) त्या चाकाचा निपल क्षणभर सैल करावा. चाक मोकळे झाले तर दाब मागे अडकत आहे, म्हणजे होज आतून फुगून बंद झाला आहे किंवा दोष मास्टर सिलिंडरकडे आहे. चाक तसेच घट्ट राहिले तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत. पिनांना ग्रीस लावायचे ते ब्रेकसाठीचे सिलिकोन किंवा सिंथेटिक. बेअरिंगचे साधे ग्रीस पिनांवरचे रबर फुगवते आणि काही दिवसांत पिन पुन्हा अडकते. मागे डिस्क असून हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर बहुतेक पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात. ते नुसते दाबले तर आतील यंत्रणा मोडते.

खडखडाटाचे मूळ दरवेळी शॉकअपमध्ये नसते. लिंक रॉड (सस्पेन्शनमधील छोटा जोडदांडा), लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअपचे वरचे माउंट ही सगळी तसाच आवाज करतात, आणि लिंक रॉड यांत सर्वांत स्वस्त आहे. नवे बुश घातल्यावरही आवाज लवकर परत येतो, याचे कारण बहुधा जोडणीत असते: चाक लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते. म्हणून बोल्ट आधी हलके लावावेत आणि चाकांवर गाडीचा भार आल्यावरच शेवटचे आवळावेत.

दोरीविषयी मात्र वाद घालण्याजोगे काही नाही. शॉकअपवरची स्प्रिंग मोकळ्या अवस्थेत असते त्याहून खूप दाबलेली असते आणि वरचा नट निघताच ती सुटते. तिच्या आड कोणाचे तोंड आले तर काय होईल हे सांगायला नको. अंगणात ठीकठाक स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर शॉकअप न उघडता गाडीवरून अख्खा उतरवावा, अक्कलकोट रस्त्यावर किंवा होटगी रस्त्यावर जिथे स्प्रिंग दाबण्याच्या प्रेसची सोय असेल तिथे रिक्षात घालून न्यावा, स्प्रिंग तिथे बदलून घ्यावी आणि उरलेली जोडणी घरी करावी. त्यानंतर चाकांच्या अलाइनमेंटचे (चाके सरळ रेषेत आणण्याचे) पैसे मात्र वाचवू नयेत, कारण शॉकअपचे खालचे बोल्ट सैल झाले की अनेक गाड्यांत चाकाचा कल बदलतो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो.