न्यूटन-मीटरला २.२ ने गुणायला कुणी सांगितलं?

"टॉर्कची सोपी ट्रिक, मेकॅनिक सांगणार नाहीत" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. टॉर्क म्हणजे नट-बोल्ट आवळताना लावायचा पिळाचा जोर, तो न्यूटन-मीटर किंवा फूट-पौंडात मोजतात. काल भाच्याने मलाच पाठवला आणि वर विचारतोय, मामा प्रिंट काढून टूलबॉक्सला चिकटवू का? नको रे बाबा. चार मुद्दे आहेत, त्यातला पहिलाच सगळ्यात भयंकर.

मेसेज म्हणतो, १ किलो म्हणजे २.२ पौंड, म्हणून न्यूटन-मीटर गुणिले २.२ केलं की फूट-पौंड. अहो पण न्यूटन हे जोराचं माप, न्यूटन म्हणजे किलो नाही ना! १ न्यूटन म्हणजे साधारण ०.२२४८ पौंड-फोर्स (पौंडात मोजलेला जोर), १ मीटर म्हणजे ३.२८०८ फूट, दोन्हींचा गुणाकार ०.७३७६. म्हणजे फूट-पौंडाचा आकडा कमी यायला हवा आणि हे महाशय तो दुपटीच्या वर नेतायत. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे मजबुतीचा दर्जा) एम ८, म्हणजे ८ मिलीमीटर जाडीचा बोल्ट घ्या, त्याला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, म्हणजे १८.४ फूट-पौंड. ट्रिकने आले ५५, म्हणजे जवळजवळ ७५ न्यूटन-मीटर, तिप्पट! टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की क्लिक करणारा पाना, क्लिक व्हायच्या आधीच बोल्टचं मुंडकं हातात येईल, नाहीतर अल्युमिनियममधले आटे जातील. आणि उलटं केलं तर त्याहून वाईट, कारण चाकाच्या नटला ८० फूट-पौंड लिहिलं असेल आणि तुम्ही २.२ ने भागलं तर ३६ न्यूटन-मीटर येतात, हवेत १०८. तुटलेला बोल्ट निदान दिसतो, ढिला नट गाडी पळायला लागल्यावर कळतो.

"हे आकडे तरी कुठून आणले" म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या निस्ट या मापन संस्थेचं स्पेशल पब्लिकेशन ८११ फुकट वाचायला मिळतं, त्यात १ फूट-पौंड म्हणजे १.३५५८१८ न्यूटन-मीटर असं सरळ दिलंय. स्वतःही काढता येतं. १९५९ च्या करारात पौंड ०.४५३५९२३७ किलो आणि फूट ०.३०४८ मीटर असे कायमचे ठरले, त्या दोघांचा गुणाकार करून ९.८०६६५ ने (गुरुत्वाकर्षणाचा ठरलेला आकडा) गुणा, हाच आकडा येतो. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं काम, पण फॉरवर्ड करायला त्याहून कमी वेळ लागतो.

दुसरा मुद्दा, इंच-पौंडचं फूट-पौंड करायला "पॉइंट एक घर सरकवा". फुटात इंच १२ असतात, १० नाही. १२० इंच-पौंड म्हणजे १० फूट-पौंड, १२ नव्हे. छोट्या बोल्टला २० टक्के जास्त म्हणजे गंमत नाही.

तिसरा, न्यूटन-मीटरला १० ने भागलं की केजी-मीटर (जोर किलोत धरून मोजलेला टॉर्क). हे चालतं, मान्य. खरा भागाकार ९.८ ने, फरक २ टक्के, आणि साध्या क्लिक रेंचची स्वतःचीच चूक ४ टक्क्यांपर्यंत असू शकते. पण एक मुद्दा बरोबर आला म्हणून बाकीचे पवित्र होत नाहीत.

चौथा, म्हणे टॉर्क ज्यूलमध्ये लिहिला तरी तेच. नाही, ज्यूल ऊर्जेसाठी. पुढे.

तोंडी हिशोबच हवा असेल तर न्यूटन-मीटरचे पाऊणपट करा, फूट-पौंड आले. ११० चे पाऊणपट ८२.५, खरं उत्तर ८१.१. उलटं जाताना एक तृतीयांश वाढवा. आणि टूलबॉक्सला काही चिकटवायची गरजच नाही, बहुतेक रेंचवर दोन्ही स्केल कोरलेले असतात, मॅन्युअलमध्ये जे युनिट आहे तेच स्केल बघायचं.