भाऊंचं नवं बिऱ्हाड

भाऊ आमच्याकडे आले तेव्हा बिस्किटाएवढे होते. मेव्हण्याने मुंबईहून लेकीसाठी आणले, प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून. सोबत दुकानदाराचा निरोपही आला: "टाकी छोटी ठेवा, कासव छोटंच राहतं." मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. चपला लहान घेतल्या की पाय वाढत नाहीत, असं एखाद्या पोराने पेपरात लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाला बोलावून घेतलं असतं. पण दुकानदाराचं म्हणणं मी सहा वर्षं बिनतक्रार मानलं, कारण ते स्वस्तात पडत होतं.

सहा वर्षांनी परिस्थिती अशी की दोन फुटी टाकीत भाऊंना वळायचं झालं तर अरुंद स्टँडातल्या एस्टीसारखं पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागे. आईने एक दिवस चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, ह्या कासव आसा की रेडकू?"

मधल्या काळात आणखी एक उलगडा झाला होता. भाऊंच्या कानशिलावर लाल पट्टा आहे. ही जात मूळची अमेरिकेतली, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. या जातीत नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात आणि मादी नरापेक्षा चांगलीच मोठी होते. भाऊंची नखं आखूड आणि अंग परातीच्या वाटेवर. म्हणजे भाऊ या ताई. पण "भाऊंचं पाणी बदललं का" म्हणायची जिभेला सवय झालेली, आणि बाई, भाऊ काहीही म्हटलं तरी त्या बघत नाहीत. नाव राहिलं.

नवी टाकी किती मोठी हवी, याचा एक ठोकताळा आहे: पाठीच्या दर इंचाला दहा गॅलन पाणी. म्हणून आधी भाऊंना मोजायचं ठरलं. कासव मोजणं सोपं वाटत असेल तर एकदा मोजून बघा. टेप पाठीवरून नेली तर उंचवट्याचं मापही धरलं जातं, म्हणून मी दोन चिरे आणले, मध्ये भाऊंना ठेवलं आणि चिऱ्यांमधलं अंतर मोजायला गेलो. भाऊंनी मागच्या पायाने चिरा ढकलला. मी पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा त्यांनी मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं, नखांनी लादीवर खर्र आवाज केला आणि टेपवरच कार्यभाग उरकला. माप आलं २३ सेंटिमीटर. नऊ इंच, म्हणजे ९० गॅलन, म्हणजे ३४० लिटर. एवढं पाणी आम्ही चौघं दिवसभरात वापरत असू, तेही पाहुणे आले तर.

काचवाल्याकडे गेलो. चार बाय दीड बाय दीड फुटाची टाकी, दहा मिलिमीटर काच. काठोकाठ भरली तरी २५५ लिटर. त्यात नुसती काचच पन्नास किलोची, पाणी धरून तीनशेच्या वर. ती ठेवायची आमच्या पडवीत, जिथली जमीन आजोबांनी केलेली आणि जिथे कपाट सरकवतानाही आई देवाचं नाव घेते. शिवाय फिल्टर दुप्पट क्षमतेचा, कारण भाऊ जिथे जेवतात तिथेच बाकीचं सगळं करतात. शिवाय अंग शेकायला कोरडी जागा आणि वर अतिनील किरणांची नळी, कारण खिडकीच्या काचेतून ऊन येतं पण ज्याने हाडं आणि कवच धड राहतं ते काचेतच अडतं. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात वीज कोणत्या वेळी असते हे फक्त खांबावरच्या कावळ्याला माहीत. काचवाल्याने हिशेब कागदावर लिहून दिला. मी तो घडी करून खिशात ठेवला, तो पँटीबरोबर धुऊन निघाला, आणि मला बरंच वाटलं.

एव्हाना वाडीत बातमी पसरली होती. "बावीत सोडून टाक," हा पहिला सल्ला. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं ही आपल्याकडची जुनी समजूत. दुसरा सल्ला धामापूरच्या तळ्याचा. तळं १५३० सालचं. पाचशे वर्षं गावाने जपलेल्या पाण्यात मी हा अमेरिकन पाहुणा सोडायचा? ही जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या यादीत आहे; मोकळ्या पाण्यात गेली की स्थानिक कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा दोन्ही बळकावते. आई म्हणाली, "वायंगणीची कासवां बघ. वाळूतसून भायेर येतत नि आपली आपण समुद्रात जातत. ना टाकी, ना फिल्टर." मी तिला ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव आणि गोड्या पाण्याचं कासव यांतला फरक समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्येका सोडे कित्याक घालतंस? तुझ्या बापाशीक मी असे सोडे कधी वाडूक नाय." यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

काळी पाण्याची टाकी अर्धी कापून घ्यावी, इथवर मी आलो होतो. मग एका संध्याकाळी किनाऱ्यावर उपडी पडलेली एक जुनी फायबरची होडी दिसली. बारा फुटी, बुडाला दोन ठिकाणी फुटलेली. होडी तात्यांची. तात्या वडलांच्या वयाचे, उभी हयात होड्या दुरुस्त करण्यात गेलेली. मी म्हटलं, "तात्या, ही होडी मला हवी. फक्त बुडाची भोकं बुजवून द्या, पाणी बाहेर जाता कामा नये."

तात्यांनी विडी विझवली.

"भायेर?"

"हो. पाणी आत भरायचंय."

"पाणी भितुर येवचा नाय म्हणान मी चाळीस वर्सां होडये दुरुस्त केलंय," तात्या म्हणाले. "आता भायेर जावचा नाय म्हणान करू? मास्तर, ह्या उलटा काम झाला." मग बराच वेळ समुद्राकडे बघून म्हणाले, "पॅच आतसून मारूक व्हयो." त्या क्षणी मला कळलं की माणूस पटला.

पॅचचं रेझिन चांगलं सुकू दिलं, मग होडी आठ-दहा वेळा धुतली, तरी डिझेलचा वास नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, चिकटून बसला होता. तोही शेवटी गेला. परसात माड नसलेली जागा शोधायला दोन दिवस लागले. नारळ पडला तर कवच आणि करवंटी यांतलं कोण टिकतं, हे मला बघायचं नव्हतं. मधल्या भागात दीड वीत पाणी, तेच सातशे लिटरच्या आसपास. आडवी एक फणसाची फळी, उन्हासाठी. नाळेच्या बाजूला चिरे रचून ओढ्याची वाळू भरली, कारण नर नसला तरी मादी अंडी घालते आणि जागा मिळाली नाही तर अंडी अडकून जिवावर बेततं. काठाखाली पाण्याला वाट ठेवली, नाहीतर पहिल्याच सरीत होडी भरून भाऊ थेट शेजाऱ्यांकडे. वर बांबूच्या चौकटीवर जाळं, मुंगसासाठी. जाळंही तात्यांनीच दिलं. "जाळ्यात कासव गावला तर आम्ही जाळा कापून सोडतंव," ते म्हणाले, "नि तू कासवासाठी जाळा बांधतंस."

भाऊंना सोडलं. ते तळाशी गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहले, आणि तिथे पोचल्यावर सवयीने पुढे-मागे, पुढे-मागे करून वळले. लेक हसली. मला जरा कसंतरीच झालं.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची एक गाडी कुंपणापाशी थांबली. तारकर्लीचा रस्ता चुकली होती. टोपीवाल्या गृहस्थांनी परसातली होडी बघितली आणि आईला विचारलं, "आजी, बोटिंग कितीला?"

आईने फळीवर पाय ताणून पसरलेल्या भाऊंकडे बघितलं.

"फुडची वीस वर्सां बुकिंग फुल्ल आसा," ती म्हणाली, आणि सोड्यांची बरणी घेऊन होडीकडे वळली.