केप व्हर्देचं उदाहरण देताना

१३ ऑक्टोबर २०२५ ला केप व्हर्दे या पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशाने राजधानी प्राइयात एस्वातिनीला ३-० हरवलं आणि फुटबॉल विश्वचषकाचं तिकीट काढलं. दुसऱ्याच दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला, म्हणजे भारताला, २-१ ने घरी बसवलं. आशिया चषकात खेळण्याची संधीही गेली. सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उइ-यंगचे, म्हणजे मूळच्या कोरियन माणसाचे. झालं! आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच पालुपद: ओसीआयवाल्यांना (भारतीय वंशाच्या, पण परदेशी पासपोर्टच्या कार्डधारकांना) खेळवा, सव्वापाच लाख वस्तीच्या बेटांना परदेशात वाढलेली पोरं घेऊन जमतं तर आपल्याला का नाही?

मी राहतो रॉटरडॅमला. बोटींवर कामाला आलेल्या केप व्हर्दियनांची इथे जुनी वस्ती आहे. पात्रता सामन्यात कॅमेरूनला एकमेव गोलने पाडणारा दाइलोन लिव्हरामेंतो याच शहरात जन्मला. म्हणून सांगतो, ग्रुपवरचं उदाहरण अर्धंच आहे.

एक तर ओसीआय कार्डाने फिफा ऐकत नाही, नागरिकत्वच लागतं. केप व्हर्दे दुहेरी नागरिकत्व देतो, आपण देत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. दुष्काळाने पिढ्यानपिढ्या माणसं देशोधडीला लावली, आज बेटांपेक्षा बाहेरच जास्त आहेत. आणि त्या देशाने त्यांना सोडलं नाही. संसदेच्या ७२ जागांपैकी ६ परदेशस्थांच्या आहेत. डब्लिनमध्ये वाढलेल्या रॉबर्तो लोपेस या खेळाडूला तेव्हाच्या प्रशिक्षकाने चक्क लिंक्डइनवर गाठलं. पहिला निरोप पोर्तुगीजमध्ये होता, त्याने तो कुठला तरी फालतू मेसेज समजून सोडून दिला. काही महिन्यांनी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा कुठे गडी हलला. एवढी चिकाटी आपल्या फेडरेशनकडून? सोडा.

आणि सगळी उसनवारी नाही हं. प्रशिक्षक बुबिस्ता बेटांवरचाच, गोलकीपर व्होझिन्या मिंदेलोचा. २०१३ मध्ये पहिल्याच आफ्रिका चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हाचे प्रशिक्षक लुसियो अंतुनेश पेशाने विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रक! त्याच वर्षी ट्युनिशियाला हरवूनही अपात्र खेळाडू उतरवल्यामुळे विश्वचषकाची संधी कागदावर गेली. तिथून इथवर यायला बारा वर्षं लागली.

नागरिकत्वाचा कायदा सैल करावा, या मताचा मीही आहे. फक्त त्याने १४० कोटींच्या देशाचा संघ उभा राहील, हे मला पटत नाही. रायन विल्यम्स या फुटबॉलपटूने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मुंबईची, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी ही राज्याराज्यांमधली फुटबॉल स्पर्धा खेळलेले. कौतुकच आहे, पण तो भारताच्या संघाकडे तिशी उलटल्यावर आला, बंगळुरूच्या क्लबकडून खेळत असताना. माझा पोरगा इथल्या क्लबात शनिवारी खेळतो. उद्या त्याने डच पासपोर्ट सोडायचं म्हटलं तर मी मोडता घालीन, आणि ग्रुपवर सर्वांत मोठ्याने ओरडणारे परदेशस्थ बापही तेच करतील.